नागपूरच्या समस्त लॉनमालकांना एका व्हिडिओवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
काटोल रोड, कोराडी रोड, अमरावती रोड, वर्धा रोड, हिंगणा, बेसा आणि अजून जिथे जिथे मोठं गेट, त्याच्यामागे हिरवळ आणि हिरवळीच्या टोकाला स्टेज आहे तिथले सगळे लॉनमालक, मॅनेजर, इव्हेंटवाले आणि आतिषबाजीवाले भाऊ यांना,

स. न. वि. वि.

नाव सांगत नाही, पण चेहरा पाहिला तर तुमच्यातले अर्धे ओळखतील. वरमालेच्या वेळेस स्टेजसमोर ठाण मांडून जो उभा असतो आणि मागून "ओ कॅमेरावाले, सरका ना जरा, आम्ही काय तुमची पाठ पाहायला आलो का" हे ऐकून घेत असतो, तो मी. बारा वर्षं झाली लग्नाचे व्हिडिओ करून राहिलो. म्हणजे हे पत्र कोण्या बाहेरच्या माणसाने लिहिलं असं समजू नका. माझं घर तुमच्याच गेटमधून चालते, आणि लग्नातल्या फटाक्यांनी पाखरांच्या घरट्यांचं काय होते त्याचं हे पत्र, त्यातल्या निम्म्या तक्रारी तर माझ्यावरच आहेत, कारण "भाऊ, शॉट हुकला, अजून एक मार" असं आतिषबाजीवाल्याला ओरडून सांगणारा बहुतेक वेळा मीच असतो.

तर झालं असं. गेल्या मे महिन्यात काटोल नाक्याच्या पुढे एका लॉनवर काम होतं. लॉनचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, असंच सगळीकडे चालते. नवरदेवाची एन्ट्री, धुमाल पार्टी म्हणजे आपला वाजंत्रीवाल्यांचा ताफा, जनरेटरचा धूर, शर्ट पिळला तर बादली भरावी एवढा घाम, रात्रीचे साडेनऊ वाजले तरी हवा गरमच. वरमाला पडली आणि स्टेजमागून स्काय शॉट, म्हणजे वर आभाळात जाऊन फुटणारे फटाके, सुटले, एकामागे एक, पंधरा-वीस तरी असतील, आणि शेवटी दहा हजारी लड. लोक खूश, मीही खूश. दुसरा कॅमेरा मी स्टेजमागे आभाळाकडे तोंड करून १२० फ्रेमवर लावून ठेवला होता, स्लो मोशनमध्ये फुटणारी फुलं म्हणजे टीझरचा शेवट तयार.

आठ दिवसांनी एडिटिंगला बसलो. पहिल्याच शॉटमध्ये वर पांढरे ठिपके दिसले. वाटलं लेन्सवर राख पडली असेल, नाहीतर कागदाचे तुकडे. झूम केलं, एकेक फ्रेम पुढे नेली, तर ठिपक्यांना पंख होते. गायबगळे. लॉनच्या भिंतीपलीकडे नाल्याच्या काठावर मोठी चिंच आहे, तिच्यावर रात्री झोपायला येतात ते, दिवसा आपण जेसीबीच्या मागे मागे चालताना पाहतो ना, तेच. पन्नास-साठ तरी असतील. पहिल्या धमाक्याला सगळे एकदम उठले आणि दुसरा शॉट त्यांच्या अगदी जवळ जाऊन फुटला. हिरवा उजेड पडला की सगळे हिरवे, लाल पडला की लाल, कोणाला कुठे जायचं ते समजून नाही राहिलं, एकमेकांना आपटून राहिले, त्यातला एक तर धुरातून खाली येतो, पुन्हा वर जातो, अशा चार गिरक्या मारतो. पुढे त्याचं काय झालं माहीत नाही, कारण तिथे क्लिप संपते. मी येऊन कॅमेरा बंद केला होता, जेवणाच्या काउंटरचं शूट बाकी होतं.

त्या क्लिपमधले चार सेकंद मी टीझरमध्ये वापरले. बगळे दिसू नयेत म्हणून क्रॉप करून. हे पण लिहूनच टाकतो.

आता त्याच्या आधीचं, म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं, जे मी तेव्हा काही मनावर घेतलं नव्हतं. माझा एक लाईट स्टँड लॉनवर राहिला होता म्हणून सकाळी दहाच्या सुमारास आणायला गेलो. पार्किंग म्हणजे मुरूम टाकून रोलर फिरवलेलं मैदान, तुमच्या सगळ्यांकडे असते तसं. तिथे एका कोपऱ्यात चौकीदार काकाजी कमरेवर हात ठेवून उभे, आणि त्यांच्या डोक्यावर टिटवी गरगर फिरून ओरडून राहिली, कान किटले. खाली चार विटा चौकोनात मांडलेल्या. काकाजी म्हणाले, पंधरा दिवसांपासून बसली होती इथे, गाड्यावाल्यांना दिसावं म्हणून मीच विटा लावल्या. अंडी चार होती. होती म्हणजे, आता दोन फुटलेली, एक गायब, एक शाबूत. टिटवीचं अंडं तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो, दिसतच नाही ते, मुरमाच्याच रंगाचं, मातकट, वरून काळपट डाग, आणि घरटं म्हणजे काय तर तळहाताएवढा खळगा अन् भोवती चार खडे, गवताची काडीही नाही. अंड्यांची निमुळती टोकं आत करून ती मांडते. विटा जागच्या हलल्या नव्हत्या, म्हणजे गाडी चढली नव्हती. काकाजींचं म्हणणं, लड लागली तशी ती उडाली ते बऱ्याच वेळ खाली आलीच नाही, तेवढ्यात जेवणाच्या वासाला आलेली कुत्री तिथे फिरून गेली. विटांच्या आत लडीचा लाल कागद पडला होता आणि एक पुठ्ठ्याचं नळकांडं.

आम्ही दोघं तिथे बोलत उभे होतो तोवर ती काही त्या एकावर बसेना. मी लाईट स्टँड घेतला आणि निघालो, ऊन चढून राहिलं होतं. नंतर समजलं की नागपूरच्या मे महिन्यात ही बाई, म्हणजे बाईच कशाला, दोघं नवराबायको पाळीपाळीने, पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पोटाने अंड्यावर बसतात, अंडं गार राहावं म्हणून. ४५ डिग्रीत उघड्या मुरमावर अंडं किती वेळ टिकेल ते तुम्हीच सांगा, तुमचा ऑम्लेट काउंटर असतोच. म्हणजे त्या सकाळी सहानुभूती दाखवत उभा राहून मीच तिचं नुकसान करून राहिलो होतो.

आमची आजी सांगायची की टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर झेलता यावं म्हणून. लहानपणी हसायचो. पण त्या रात्री तिच्या अंगावर खरंच आभाळ पडलं ना, तेही लाल-हिरवं, आणि तिला झेलता नाही आलं.

असो, मुद्द्यावर येतो. दिवाळी आली की पोस्टी सुरू होतात, फटाके नको, कुत्र्यांना त्रास, पक्ष्यांना त्रास, शाळेत पोट्ट्यांना शपथ देतात. चांगलं आहे, त्यात काही वाईट नाही. पण घरट्यांचा हिशोब लावला तर नागपुरातला सगळ्यात वाईट काळ दिवाळी नाहीच. सगळ्यात वाईट काळ तुमच्या बुकिंगच्या डायरीत आहे. घार हिवाळ्यातच काड्या गोळा करायला लागते आणि आत्ता, फेब्रुवारीत, ती बसलेली आहे, मोबाईल टॉवरवर पाहा, नाहीतर उंच झाडावर. पोपट ढोलीत शिरले. पिंगळे पण. तांबट वाळक्या फांदीला भोकं पाडून राहिला, दिवसभर टुकटुक ऐकू येते ती त्याचीच. मार्च लागला की धनेश, टिटवी, आपल्या राज्याचा पक्षी हरियाल, एप्रिलपासून हळद्या, मग कावळे आणि कावळ्यांच्या भरवशावर कोकिळा. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर तर तुमच्या लॉनच्या मेंदीच्या कुंपणातच असतात. आता ही यादी आणि लग्नपत्रिकांवरच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. यंदा, म्हणजे २०२६ ला, अक्षय तृतीया १९ एप्रिलला आहे, त्या एका रात्री या शहरात किती ठिकाणी बार उडतील ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत.

एक गंमत माझ्या लक्षात आली. पावसाळ्यात घरटी करणारे, म्हणजे बगळे, ढोकऱ्या, पाणकावळे, सुगरण, हे लग्नसराईतून आपोआप सुटतात. का, तर चातुर्मास. आषाढी एकादशीला देव झोपतात, लग्नं बंद, आणि बगळ्यांची पिल्लं मोठी होतात. (गणपतीत आणि दहीहंडीला काय होते ते वेगळं पत्र लिहावं लागेल.) कोणी ठरवून केलेलं नाही ते, पण झालं आहे. उन्हाळ्यात घरटी करणाऱ्यांना मात्र असा कोणी देव नाही. यंदा थोडी कृपा झाली, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे १७ मे ते १५ जून लग्नं नाहीत. पण त्याचा दुसरा अर्थ तुम्ही माझ्या आधीच काढला असेल, की एप्रिल आणि अर्धा मे ठासून भरला, एका दिवशी दोन-दोन पार्ट्या. आणि अधिक महिन्यामुळे आषाढी एकादशी पण सरकून २५ जुलैला गेली, म्हणजे पाऊस पडला, बगळ्यांनी चिंचेवर काड्या मांडल्या, आणि तरी लग्नं सुरूच. गेल्या वर्षी माझ्या क्लिपमध्ये ते नुसते झोपायला आलेले बगळे होते. यंदा जुलैत त्याच चिंचेवर त्यांची अंडी असतील.

म्हणून दिवाळीत खुशाल फोडा असं माझं म्हणणं नाही. रंगीत करकोच्यांची पिल्लं तेव्हा घरट्यात असतात. आणि यंदा तर लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे बरोबर आपल्या पक्षी सप्ताहात, ५ ते १२ नोव्हेंबर. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंतचा तो आठवडा, २०२० पासून महाराष्ट्र सरकार पाळते. चितमपल्ली साहेब कित्येक वर्षं आपल्या नागपुरातच राहिले, जून २०२५ मध्ये गेले. त्यांच्या वाढदिवसाच्या आठवड्यात सुतळी बॉम्ब, बरं दिसते का ते. पण दिवाळीचं बोलायला लोक खूप आहेत, लग्नाचं कोणी बोलत नाही, कारण लग्न म्हणजे घरचं कार्य, कोण वाईट होणार. तान्ह्या पोळ्याला आपण महागाई, रोगराई, सगळं घेऊन जायला सांगतो मारबतीला, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या पुतळ्याला, एखाद्या वर्षी "स्काय शॉट घेऊन जाऽऽ गे मारबत" असं ओरडावं असं मला फार वाटते.

आता धनेशाचं सांगतो, कारण त्याच्यासाठीच मुख्य हे पत्र लिहून राहिलो. राखी धनेश. सिव्हिल लाईन्सच्या, सेमिनरी हिलच्या जुन्या झाडांवर दिसतो, महाराजबागेत पण, ती मोठी वाकडी चोच आणि तिच्यावर शिंगासारखा उंचवटा, उडताना पंख मारतो मग तरंगतो, मग पुन्हा मारतो. तुमच्यापैकी ज्यांचं लॉन जुन्या निंबाच्या किंवा आंब्याच्या झाडांत आहे त्यांच्याकडे असेलच, पाहिला नसेल तर ती चूक त्याची नाही. याची मादी मार्च-एप्रिलमध्ये झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचं तोंड बंद करून घेते, स्वतःच्या विष्ठेने आणि चिखलाने लिंपून. नुसती बोटभर फट ठेवते. आत गेल्यावर तिची उडायची पिसं गळून जातात. म्हणजे आता ती बाहेर आली तरी उडू शकत नाही. तीन आठवडे अंडी उबवते, मग पिल्लं निघतात, आणि हे सगळे आठवडे बाहेरून नर एकटा त्या फटीतून खाऊ घालतो, उंबराची, पिंपळाची फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक काढून चोचीने आत देतो. मी स्वतः एका झाडाखाली बसून मोजलं आहे, एका खेपेत सतरा फळं, आणि प्रत्येक फळ गळ्यातून वर आणताना मान अशी झटकतो की जसं कोणी उचकी दाबून राहिलं.

तर हे झाड एका लॉनच्या भिंतीला लागून होतं. आतिषबाजीच्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पहाटे जाऊन बसलो, टिटवीचं पाहून झालं होतं ना, डोक्यात किडा शिरला होता. रोज साडेसहापर्यंत येणारा नर त्या दिवशी सव्वादहाला आला. आला, हे नशीब. आणि आल्यावरही लगेच ढोलीला नाही लागला, समोरच्या वायरवर बसून पंधरा मिनिटं नुसता मान वाकडी करून पाहत राहिला. आतली ती रात्रीचे सगळे धमाके ढोलीत बसून ऐकत होती, तिला तर पळायची सोयच नाही. टिटवी उडू तरी शकते. आणि नर एखाद्या रात्री घाबरून लांब गेला, कशावर आपटला, मेला, तर आतली सगळी उपाशी. एका बापाच्या गळ्यावर पूर्ण कुटुंब. तुम्ही वधूपिते रोज पाहता, तुम्हाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

काही लोक म्हणतील, पक्ष्यांना सवय होते आवाजाची. होते ना. रोज जाणाऱ्या ट्रकला ती टिटवी उठत नव्हती, धुमालला पण नाही, काकाजीच सांगतात, धुमाल चालू असताना बसून होती. जो आवाज दुरून हळूहळू येतो आणि सारखा चालतो त्याची सवय होते. जो एकदम डोक्यावर फुटतो, सोबत उजेड घेऊन, मग दोन मिनिटं शांत, मग पुन्हा, त्याची नाही होत. शिवाय दिवसा फिरणाऱ्या पाखराला रात्रीचं नीट दिसत नाही. उडाले तर परत घरटं सापडत नाही, वायर दिसत नाही. आणि अंडी नुकतीच घातलेली असतील तर कित्येक पक्षी ती जागाच सोडून देतात, अजून त्यांचा जीव त्यात अडकलेला नसतो.

नेदरलँड्सच्या लोकांनी हे पावसाच्या रडारवर पाहिलं. तिकडे ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता सगळा देश फटाके फोडतो. २०११ साली त्यांचा अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की बारानंतर पक्षी हजारोंनी आभाळात उठतात, ५०० मीटर उंचीवर सगळ्यात जास्त गर्दी, आणि पाऊण तास हा गोंधळ चालतो. मग २०२३ मध्ये अजून एक आला, की त्या रात्री नेहमीच्या रात्रीपेक्षा सरासरी हजार पट पक्षी हवेत असतात आणि १० किलोमीटर लांबपर्यंत फरक जाणवतो. १० किलोमीटर म्हणजे काटोल नाक्यावरून मारलेला बार अंबाझरी आणि फुटाळ्याच्या पुढे गेला की, आणि गोरेवाड्याचं जंगल तर भिंतीलाच. आणि लक्षात घ्या, तिकडे डिसेंबरात अंडी-पिल्लं जवळपास नसतातच. उठले तर झोप मोडते, थंडीत ताकद वाया जाते. आपल्याकडे एप्रिलमध्ये उठले तर मागे अंडी राहतात.

घरट्यांच्या मोसमातलं उदाहरण पाहिजे असेल तर अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर गुआलाला नावाचं छोटं गाव आहे. २००७ च्या जुलैत तिथे गावजत्रेसारखी आतिषबाजी झाली. समोरच्या बेटावर समुद्री पक्ष्यांची घरटी होती, आपल्या पाणकावळ्याचेच भाऊबंद, आणि माणसं लक्ष ठेवून बसली होती म्हणून दिसलं की पक्षी घाबरून उठले आणि काही घरटी सोडूनच गेले. तिथल्या किनारा आयोगाने पुढच्या वर्षी आतिषबाजी थांबवली. गाववाले कोर्टात गेले, २०१० ला कोर्टाने आयोगाचंच बरोबर धरलं. एवढ्या लांबचं कशाला, तामिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यात वेट्टंगुडीच्या पक्षी अभयारण्याजवळ कोल्लुकुडीपट्टी नावाचं गाव आहे. तिथले लोक कित्येक वर्षांपासून दिवाळीत फटाके फोडतच नाहीत, तळ्यात पाखरं वीण करायला येतात म्हणून. कोणी कोर्टात नाही गेलं. गावाने ठरवलं, झालं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, धमकी म्हणून नाही, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसते म्हणून. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके बंद, हे ध्वनी प्रदूषणाच्या नियमातच आहे, लग्न असो की मिरवणूक. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१८ मध्ये लडींवर बंदी घातली आणि लग्नातही फक्त ग्रीन, म्हणजे कमी प्रदूषणाचे, फटाकेच चालतील असं सांगितलं. आपली दहा हजारी मग कुठून येते ते मी विचारत नाही. आणि १९७२ चा वन्यजीव कायदा आहे त्यात "शिकार" या शब्दाची व्याख्या वाचून मी उडालोच. रानपक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला नुसता धक्का पोचवला तरी ते शिकारीत धरलं आहे. म्हणजे वरमालेच्या मुहूर्तावर आपण सगळे शेरवानी घालून शिकारीला उभे असतो.

तुम्ही काय म्हणणार तेही मला माहीत आहे, बारा वर्षं ऐकून राहिलो. "पार्टीच स्वतः घेऊन येते भाऊ, आम्ही काय करू." बाहेरचा केटरर चालणार नाही हे तुम्ही बुकिंगच्या वेळेस किती ठणकावून सांगता? डेकोरेशन आमच्याच माणसाकडून, जनरेटरचं डिझेल वेगळं, साडेअकराला लाईट बंद, खुर्ची तुटली तर एवढे पैसे. एवढं सगळं पार्टी ऐकते आणि सही करते. त्या कागदावर अजून एक ओळ बसेल, फेब्रुवारी ते जुलै लॉनवर आवाजाचे आणि आकाशात जाणारे फटाके नाही. कोणाचं लग्न मोडणार नाही त्याने. मे महिन्यात वाळलेलं गवत, कापडाचा मांडव आणि वर उडणारे जळते तुकडे, तुमच्या अग्निशामक सिलिंडरची तारीख कधीची आहे ते एकदा पाहून घ्या, म्हणजे ही ओळ तुमच्याही फायद्याची वाटेल.

आणि धंद्यातलं एक खरं सांगू? स्काय शॉटचं फुटेज कोणी पाहत नाही. जोडपं आपल्या व्हिडिओत स्वतःला पाहते, आईचे डोळे पुसताना पाहते, आत्या नाचताना पाहते. आभाळाचं फूल सगळ्यांचं सारखंच असते, मी तर एकदा एकाच्या लग्नाचं फूल दुसऱ्याच्या टीझरमध्ये टाकलं, कोणाला समजलं नाही. उलट तिसऱ्या शॉटनंतर धूर स्टेजवर येतो, नवरीचा चेहरा राखेसारखा दिसतो, तो रंग नीट करायला मला अर्धी रात्र जाते. आवाज पाहिजे तर ढोल-ताशा आहे, धुमाल आहे, दहापर्यंत वाजवा. आणि वर काही उडायलाच पाहिजे असेल तर वरून फुलं पाडा, पाकळ्या स्लो मोशनमध्ये काय दिसतात, मी नमुना दाखवतो. स्टेजवर ते कोल्ड पायरोचे कारंजे असतात त्यांना निदान धमाका नसतो, पण तेही झाडाखाली नको.

मला माझंही थोडं सुधारायचं आहे. ड्रोन. एप्रिलमध्ये एका घारीने माझ्या ड्रोनवर दोनदा झडप घातली होती, मी तो किस्सा मित्रांना हसून सांगत फिरलो. तिचं घरटं तिथे निलगिरीवर होतं हे मला शूट संपल्यावर दिसलं. यंदापासून जिथे झाडावर घरटं असेल तिथे ड्रोन उडवणार नाही, पार्टीला आधीच सांगतो, पॅकेजमधून तेवढे पैसे कमी करतो. आणि "अजून एक मार" हे बंद.

तुमच्याकडून जास्त काही नको. अक्षय तृतीयेच्या आधी एकदा सकाळी, चहा घेऊन झाल्यावर, चौकीदाराला सोबत घ्या आणि स्वतःच्या लॉनला एक चक्कर मारा. चौकीदारांना सगळं माहीत असते, कोणी त्यांना विचारत नाही एवढंच. ढोली कुठे आहेत, कोणत्या झाडाखाली पांढरी विष्ठा पडते, पार्किंगमध्ये कोण बसलं आहे. जिथे टिटवी असेल तिथे चार विटांऐवजी चार खांब आणि पट्टी लावा, दोन गाड्यांची जागा जाईल, महिनाभराचा प्रश्न आहे, पिल्लं निघाली की त्याच दिवशी पायावर पळायला लागतात, जागा तुमची तुम्हाला परत. आतिषबाजीवाल्या भाऊंना पण सांगतो, तुमचा धंदा बुडावा असं मला वाटत नाही, माझाही तुमच्याच ताटातला आहे. पण तुमच्यातले काही जण आता फुलांच्या तोफा आणि कोल्ड पायरो पण लावतात, त्याचेही पैसे मिळतातच.

काटोल नाक्यावरच्या त्या अंड्याचं राहिलंच सांगायचं. ते टिकलं. जूनच्या सुरुवातीला काकाजींनी एक फोटो पाठवला होता, मोबाईलच्या कॅमेऱ्याने काढलेला, हललेला, त्यात मुरूम दिसते आणि मधे एक खडा दुसऱ्या खड्यापेक्षा जरा जास्त डोळे असलेला. परवा त्यांचा पुन्हा फोन आला. जोडी आली आहे, त्याच कोपऱ्यात फिरून राहिली, पाय दाबून जागा पाहून राहिली. मालकांना अजून सांगितलेलं नाही म्हणाले. तुम्ही सांगता का, विचारत होते.

तुमचाच,
व्हिडिओवाला